वर्दीचा वारसा

चौदा एप्रिल ही तारीख महाराष्ट्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीची म्हणून ओळखली जाते आणि ते यथार्थच आहे. शाळा-कचेऱ्यांना त्या दिवशी सुटी असते, गावोगावी मिरवणुका निघतात. त्याच दिवशी देशातील अग्निशमन दलांच्या ठाण्यांवर मात्र आणखी एक सोहळा होत असतो. जवान रांगेत उभे राहतात, पुष्पचक्र वाहिले जाते, स्तब्धता पाळली जाते आणि १४ ते २० एप्रिल या अग्निशमन सेवा सप्ताहाला प्रारंभ होतो. मग आठवडाभर शाळा-कारखान्यांतून प्रात्यक्षिके चालतात, वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर एखादे छायाचित्र येते आणि सप्ताह संपतो. ज्या घटनेच्या स्मरणार्थ सारा देश हा दिवस पाळतो ती मुंबईच्या गोदीत घडली, ही गोष्ट खुद्द मुंबईकरांपैकी कितीजणांना ठाऊक असेल, याची शंकाच आहे.

१९४४ सालच्या त्या शुक्रवारी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे जहाज उभे होते. इंग्लंडमधील बर्कनहेड बंदरातून निघून कराचीमार्गे ते दोन दिवसांपूर्वीच मुंबईस पोहोचले होते. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके, सोन्याच्या विटा आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी, असा परस्परांचे हाडवैर असलेला माल भरला होता. युद्धकाळात जहाजांची टंचाई असल्यामुळे जे मिळेल त्यात जे बसेल ते कोंबण्याची रीत पडून गेली होती. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंब आले. जहाजात ९०० टनांहून अधिक पाणी ओतले गेले. परंतु धुरामुळे आगीचे मूळ सापडेना आणि ओतलेले पाणी उकळू लागले. जहाज जागच्या जागी बुडवावे, ओढून बाहेर समुद्रात न्यावे, की पाणी मारत राहावे, याविषयी जहाजाचे, गोदीचे, लष्कराचे आणि अग्निशमन दलाचे अधिकारी यांच्यात एकमत झाले नाही. आणि ज्याचा शब्द सर्वांवर बंधनकारक राहील असा एकही माणूस तेथे नव्हता. तीन वाजून पन्नास मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. दुसरा त्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने. दूर सिमल्याच्या भूकंपमापकावर त्या हादऱ्याची नोंद झाली. शेकडो माणसे मृत्यू पावली. त्यांत मुंबई अग्निशमन दलाची ६६ माणसे होती, जखमी ८३. आग आटोक्यात येण्यास तीन दिवस लागले आणि राडारोडा उपसण्यासाठी आठ हजार माणसे सात महिने राबत होती.

येथे एक साधा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. १९४४ साली विशीत असलेला जो फायरमन त्या दिवशी वाचला, तो १९८० च्या आगेमागे निवृत्त झाला असणार. त्याच्या अखेरच्या वर्षांत जो पोरगा दलात दाखल झाला, त्यानेही गेल्या दहा वर्षांत निवृत्तीचा नारळ घेतला. म्हणजे आज बंबाच्या मागच्या बाकावर बसणारा तरुण हा त्या दुपारपासून मोजला तर साखळीतील तिसरा दुवा होय. पहिल्याने जे डोळ्यांनी पाहिले, दुसऱ्याने जे कानांनी ऐकले, त्यातले तिसऱ्याच्या पदरात नेमके काय पडले? पुष्पचक्राची रीत पडली, ६६ हा आकडा पडला. बाकीचे?

मुंबई अग्निशमन दल महापालिकेच्या सेवेत पूर्णवेळ स्वरूपात आले ते १ एप्रिल १८८७ रोजी. त्यापूर्वी शहरातली आग विझवणे हे पोलिसांच्या अनेक कामांपैकी एक होते. दलाचे पहिले प्रमुख निकोल्स हे लंडनच्या अग्निशमन दलातून आणलेले. साहजिकच हुद्दे, कवायती, रात्रीचे पहारे, नोंदवह्या आणि हुकमांची भाषा हे सारे लंडनहून आले. लंडनच्या दलाने त्यातले बरेचसे आरमाराकडून उचललेले होते, कारण सर आयर मॅसी शॉ या प्रमुखाचा भरती करताना खलाशांवर फार भर असे. दोरावर चढण्याची सवय, रात्री-बेरात्री उठण्याची तयारी आणि हुकूम ऐकण्याचे वळण या तीनही गोष्टी खलाशाच्या अंगी आयत्याच असतात. शॉ यांच्या आधीचे जेम्स ब्रेडवुड यांचा कटाक्ष मात्र निराळा होता. एडिंबरा येथे १८२४ साली त्यांनी जे दल उभारले, त्यात गवंडी, सुतार, लोहार, नळकाम करणारे आणि छपरे शाकारणारे कारागीर वेचून घेतले. ज्याने घर बांधले आहे त्याला ते कोठून ढासळेल हे कळते, हे त्यामागचे सरळ गणित होते. अंधारात काम करण्याची सवय व्हावी म्हणून ब्रेडवुड आपल्या माणसांची कवायत पहाटे, उजाडण्यापूर्वी घेत. धुरात शिरावे, जमिनीशी सरपटत जावे, कारण खाली हवा थंड आणि स्वच्छ असते, आणि पाणी धुरावर न मारता आगीच्या मुळावर मारावे, हा त्यांचा पाठ आज जगातल्या प्रत्येक अग्निशामकाला पहिल्याच आठवड्यात शिकवला जातो. त्यांनी १८३० साली या विषयावर पुस्तकही लिहिले. ते स्वतः १८६१ साली लंडनच्या टूली स्ट्रीटच्या आगीत, अंगावर भिंत कोसळून मरण पावले.

जपानच्या इतिहासातही हाच विचार निराळ्या वाटेने आलेला दिसतो. लाकडाच्या घरांनी दाटलेल्या एडो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, १७२० च्या सुमारास वस्तीवस्तीतून अग्निशामकांच्या टोळ्या उभ्या राहिल्या. त्यांत उंच परातींवर काम करणारे बांधकाम मजूर प्रमुख होते. कारण तेथे पाणी मारण्यापेक्षा वाऱ्याच्या दिशेची घरे वेळेवर पाडून आगीची वाट अडवणे हाच उपाय असे. त्या टोळ्यांची निशाणे आणि बांबूच्या शिडीवरील कसरती दर जानेवारीत अजूनही पाहावयास मिळतात. पाहणाऱ्यांचे डोळे दिपतात; तथापि आज टोकियोतली आग त्या शिडीने विझत नाही. परंपरेचा उपयोग संपला की तिचा उत्सव होतो, आणि त्यात वावगेही काही नाही. उत्सवालाच उपयोग समजू लागले, तरच अडचण उभी राहते.

आपल्याकडेही उत्सवाची बाजू मोठी लोभस आहे. खंडेनवमी-दसऱ्याला बंब धुऊनपुसून लखलखीत केले जातात, त्यांना झेंडूच्या माळा चढतात, शिड्या, कुऱ्हाडी, होजच्या तोट्या ओळीने मांडून त्यांची पूजा होते. शिपायाने तलवार पुजावी आणि शेतकऱ्याने नांगर, त्यातलाच हा प्रकार. दलाच्या वसाहती पुष्कळदा ठाण्यालगतच असल्यामुळे तेथली मुले घंटेच्या आवाजातच लहानाची मोठी होतात. जेवणाच्या ताटावरून बाप उठून गेला की तो केव्हा परतेल हे विचारायचे नाही, हे त्या घरांत कोणी शिकवावे लागत नाही. ‘वर्दी’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत, गणवेश आणि खबर. बाहेरच्या जगात हिंदी चित्रपटांच्या कृपेने पहिला अर्थ रूढ झाला. पण बंबखान्यात ‘वर्दी आली’ म्हटले की आगीची खबर आली, एवढेच समजतात. आणि वर्दी आल्यावर बंब फाटकाबाहेर पडेपर्यंत किती सेकंद गेले, यावरून आजही त्या पाळीची अब्रू ठरते.

परंतु या धंद्यातला खरा वारसा पूजेत नाही आणि कवायतीतही पुरता नाही. तो जुना माणूस नव्याला चालता चालता जे सांगतो, त्यात आहे. जळत्या घराचा लाकडी जिना चढताना मधोमध पाय देऊ नये, भिंतीच्या कडेने चढावे. तेथे पायरीला आधार असतो. बंद दाराला तळहात लावू नये, हाताची पालथी बाजू लावावी. धुराच्या खोलीत शिरताना एक भिंत धरली की ती सोडू नये. होज हीच परतीची वाट, म्हणून तिचा हात सुटता कामा नये. हे नियम पुस्तकांतही आहेत. पण काळबादेवी-भुलेश्वरच्या कोणत्या गल्लीत मोठी शिडी वळत नाही, कोणत्या वाड्याला मागून बोळ आहे, कोणत्या इमारतीचे सागवानी खांब विटांच्या भिंतीआड दडलेले आहेत, हे कोणत्याही पुस्तकात नाही. कापडाच्या गोदामावर पाणी मारले की ते कापड पाणी पिते, आणि मग ज्या तुळया आगीने आधीच अर्ध्या झाल्या आहेत त्यांच्यावर मूळ मालाच्या कितीतरी पट भार येतो. तेव्हा आग विझत आली असे वाटण्याची वेळ हीच इमारत बसण्याची वेळ असते. हे ज्याने एकदा पाहिले, त्याचे कान जुन्या लाकडाच्या कुरकुरीला तयार होतात. शेजारी उभ्या असलेल्या नवख्याला तो दंडाला धरून मागे ओढतो. का ओढले, ते पुढे चहा घेताना सांगतो. अग्निशमनाची शाळा प्रामुख्याने अशी चालत आली आहे.

या शाळेत चुकीचे धडेही दिले जातात, हे मात्र मान्य केले पाहिजे. लंडनच्या दलाने पॅरिसच्या धर्तीवर १८६६ च्या सुमारास पितळेची शिरस्त्राणे स्वीकारली. उन्हात ती सोन्यासारखी झळकत आणि त्या झळाळीवर दलाचा जीव होता. पुढे घराघरांतून विजेच्या तारा आल्या. पितळ हे विजेचे उत्तम वाहक, तरीही ती शिरस्त्राणे सर्वस्वी टाकून देण्यास तेथे १९३० च्या दशकाची अखेर उजाडावी लागली. प्रतिष्ठेच्या वस्तू माणसाच्या डोक्यावरून लवकर उतरत नाहीत. तीच गत काजळीची. जगभरच्या दलांमध्ये काळवंडलेला डगला आणि धुरकटलेले शिरस्त्राण हे अनुभवाचे पदक समजले जात असे. स्वच्छ डगल्याच्या पोराची थट्टा होई. आज आपणास ठाऊक आहे की ती काजळी कातडीवाटे अंगात भिनते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली अग्निशामकाचा व्यवसायच कर्करोगजनक म्हणून वर्गीकृत केला. श्वसनयंत्र न लावता धुरात शिरणाऱ्या ‘दमदार’ माणसाच्या कथा जुन्या पिढीने कौतुकाने सांगितल्या. त्या सांगणाऱ्यांपैकी किती जण निवृत्तीनंतर फार काळ जगले, याची गोष्ट त्या कथांत येत नसे. आगही आता जुनी राहिलेली नाही. लाकूड, कापूस आणि गवत यांची आग माणसाला थोडा अवधी देत असे. फोमच्या गाद्या आणि प्लास्टिकचे सामान भरलेली खोली काही मिनिटांत एकदम भडकते, आणि विजेरी वाहनाची बॅटरी विझली असे समजून पाठ फिरवावी तो काही तासांनी पुन्हा पेट घेते. वडिलधाऱ्यांचे अंदाज येथे जसेच्या तसे उतरवून घेणाऱ्याला ते दगा देतील.

तथापि सर्वांत मोठी उणीव याहून वेगळी आहे. १९१७ साली कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात ‘माँ ब्लाँ’ हे दारूगोळ्याचे जहाज पेटले. गावाचा बंब धक्क्यावर धावला. जहाजात काय आहे, हे किनाऱ्यावरच्या बहुतेकांना ठाऊक नव्हते. स्फोटात त्या दलाची नऊ माणसे गेली. १९४४ साली मुंबई. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १६ एप्रिल १९४७ रोजी, अमेरिकेतील टेक्सास सिटी बंदरात अमोनियम नायट्रेटने भरलेल्या ‘ग्रँडकॅम्प’ जहाजातून धूर येऊ लागला, गावच्या स्वयंसेवी दलाने होज लावल्या आणि स्फोटात ते दल जवळपास सबंध नाहीसे झाले. २०१५ साली चीनमधील तिआनजिन बंदरात रसायनांच्या गोदामाला आग लागली; विझवायला गेलेल्यांपैकी शंभराहून अधिक जण परतले नाहीत. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतच्या बंदरात एका गोदामाची आग विझविण्यास अग्निशमन दलाची दहा माणसे निघाली. त्या गोदामात सहा-सात वर्षे अमोनियम नायट्रेट पडून आहे, हे बंदरातल्या अनेक कचेऱ्यांच्या फायलींत होते. त्या दहाजणांपर्यंत ते पोहोचलेले नव्हते.

शंभर वर्षांच्या या मालिकेत धैर्याची परंपरा कोठेही खंडित झालेली नाही. बाप ज्या हिमतीने गेला त्याच हिमतीने मुलगा गेला आणि नातूही. खंड पडला आहे तो माहितीच्या साखळीत, आणि ही साखळी राखण्याचे काम एकट्या अग्निशामकाचे नव्हे. माल भरणारा, गोदाम भाड्याने देणारा, परवाना देणारा कारकून, पाहणी करणारा अधिकारी आणि वरच्या मजल्यावर राहणारे कुटुंब, हे सारे त्या साखळीतले दुवे होत. फोर्ट स्टिकीनच्या डेकवर त्या दुपारी ज्ञान कमी नव्हते. स्फोटके आहेत हे जहाजावरच्यांना ठाऊक होते, ती काय करतील हे लष्करी दारूगोळ्याच्या जाणकाराला कळत होते. ते ज्ञान निर्णयापर्यंत आले नाही. या गोष्टीचा पाठ दरवर्षी १४ एप्रिलला गिरवला जातो काय? बहुधा ६६ जणांच्या शौर्याला वंदन करून आपण थांबतो. शौर्याला वंदन करणे सोपे असते, कारण त्यात वंदन करणाऱ्याला काही करावे लागत नाही.

९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवी येथील ‘गोकुळ निवास’ या जुन्या इमारतीला आग लागली. रहिवासी सुखरूप बाहेर काढले गेले. त्यानंतर इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी तेथेच मृत्यू पावले; दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर आणि उपप्रमुख सुधीर अमीन यांचे भाजल्यामुळे पुढे त्याच महिन्यात रुग्णालयात निधन झाले. प्रमुखाने कचेरीत बसून हुकूम न सोडता आपल्या माणसांबरोबर आगीपाशी उभे राहावे, ही या दलाची जुनी रीत. ती त्या दिवशी पाळली गेली. पण या घटनेकडे केवळ शोकाच्या नजरेने पाहणे पुरेसे नाही. चार अधिकारी गेले, म्हणजे कित्येक दशकांत गोळा झालेला, कोठेही न लिहिलेला अनुभव एका आगीत गेला. शहरातल्या जुन्या इमारतींविषयी त्या चौघांना जे माहीत होते, त्यातले किती कागदावर होते?

हाच प्रश्न दर महिन्याला, कोणतीही आग न लागता, निमूटपणे उपस्थित होत असतो. तीस-पस्तीस वर्षे नोकरी झालेला फायरमन वा ड्रायव्हर निवृत्त होतो. शाल, श्रीफळ आणि छायाचित्र असा समारंभ होतो. त्याच्याकडून शिरस्त्राण आणि डगला मोजून परत घेतला जातो; डोक्यातला नकाशा परत घेण्याची पद्धत नाही. त्याच्या जागी येणारा तरुण बारावी उत्तीर्ण, दौडीत पहिला, शिक्षणाने आधीच्या पिढीपेक्षा सरस असतो. आता त्यांत तरुणीही आहेत आणि ही परंपरेला पडलेली उत्तम भर होय. १९५० च्या दशकात स्थापन झालेल्या नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात पहिल्या मुलीला प्रवेश मिळण्यास नवे शतक उजाडावे लागले होते, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे मोल कळते. पण या तरुणांनी कधी थापी हातात घेतलेली नाही, की तुळईला रंधा लावलेला नाही. ब्रेडवुडच्या गवंड्याला जे हाताने कळत होते, ते यांना कोणीतरी शेजारी उभे राहून सांगावे लागते. भरती लांबली आणि जुना-नवा यांच्यामध्ये काही वर्षांची फट पडली, की ते सांगणारा माणूसच तेथे नसतो. पालिकांच्या अंदाजपत्रकात उंच शिडीच्या गाडीची किंमत दिसते. या फटीची किंमत कोणत्याच सदरात दिसत नाही, म्हणून तिच्यावर चर्चा होत नाही.

महाराष्ट्रात २००६ साली आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा झाला. त्यानुसार इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने आपली अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करावयाचे असते. कायदा चांगला आहे. प्रमाणपत्रे सादर होतात, फायलीला लागतात. पंप चालतो, नळाला पाणी आहे, एवढे त्यावरून समजते. दुसऱ्या मजल्यावरच्या कुलूपबंद गाळ्यात काय भरून ठेवले आहे, हे मात्र वर्दी आल्यावर पहिल्या बंबातून उतरणारा माणूस आजही खाली जमलेल्या गर्दीलाच विचारतो.